देवाचे काम आणि आपले ‘उद्या’

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलावलेल्या पाहुणीने मंडळाचे कौतुक करावे अशी रीत आहे, आणि ते कौतुक मी मनापासून करते. चिटणीसबाईंनी आत्ताच वाचलेला अहवाल ऐकून कोणालाही आनंद वाटेल. भजनाचा वर्ग, शिवणाचा वर्ग, अडल्यानडल्या घरी धावून जाणे, हे सारे तुम्ही घरचे सांभाळून करता. परंतु मला बोलावताना ‘देवाची आज्ञा पाळणे’ हा विषय तुम्हीच नेमून दिलात. तेव्हा कौतुकावर थांबून चालणार नाही. विषय मोठा आहे. त्यावर ऋषिमुनींनी बोलावे. मी त्यातला अगदी लहान तुकडा घेणार आहे, आपल्या स्वयंपाकघरात आणि ओट्यावर मावेल एवढाच.

मोठमोठ्या आज्ञा आपण पाळतोच. चोरी करू नये, कोणाचा जीव घेऊ नये, खोटी साक्ष देऊ नये. आपल्यापैकी कोणाच्या हातून यातले काही घडत नाही. पण खरे सांगायचे तर त्यात आपला फारसा पराक्रम नाही, कारण त्या गोष्टींचा आपल्याला मोहच नसतो. ज्या वाटेला आपण जाणारच नव्हतो, त्या वाटेला न जाण्याचे पुण्य ते किती! आपली परीक्षा होते ती लहान गोष्टींत, रोजच्या रोज समोर येणाऱ्या आणि रोजच्या रोज पुढे ढकलल्या जाणाऱ्या गोष्टींत.

चातुर्मासाचेच पाहा. आषाढी एकादशी आली की आपण नेम धरतो. कोणी कांदालसूण सोडते, कोणी वांगे सोडते, कोणी एकभुक्त राहते. कार्तिकी एकादशीपर्यंत चार महिने तो नेम आपण इतका काटेकोर पाळतो की पाहुणी म्हणून गेलो तरी आधी विचारतो, “यात कांदा नाही ना?” या निष्ठेला मी हसत नाही. ती मोलाची आहे. पण मनाशी एक प्रश्न विचारून पाहावा. चार महिने वांगे सोडणारीला शेजारणीशी धरलेला अबोला चार दिवसही का सोडता येऊ नये? वांगे सोडा असे देवाने आपल्या कानात कधी सांगितले नव्हते, तो नेम आपणच निवडला. अबोला सोड, हे मात्र आतून कोणीतरी किती वेळा सांगितले! तिथे आपण ‘नाही’ म्हणत नाही. आपण म्हणतो, “उद्या.”

हा ‘उद्या’ फार गोड शब्द आहे, आणि म्हणूनच फसवा आहे. जी स्वच्छ ‘नाही’ म्हणते, तिला निदान ठाऊक असते की आपण नाही म्हटले. कधीतरी तिला त्याची टोचणी लागेल आणि ती परत फिरेल. ‘उद्या’ म्हणणारीला मात्र आपण आज्ञा पाळतोच आहोत, फक्त अवकाश आहे, असे वाटत राहते. तिला टोचणीही लागत नाही. वर्ष निघून जाते, काम जागच्या जागी असते, आणि आपण मनाने निर्मळ!

यावर तुम्ही विचाराल, “बाई, देव आम्हांला सांगायला येतो तरी कुठे? त्याची आज्ञा कोणती हे आम्ही ओळखावे कसे?” प्रश्न योग्य आहे. मी पंडित नाही, पण अनुभवाची एक खूण सांगते. तुम्ही देवापुढे बसता, माळ हातात घेता, डोळे मिटता, आणि नेमकी तेव्हाच एखादी गोष्ट मनात येते. ‘वहिनींचे डबे परत द्यायचे राहिले.’ ‘सखूबाईचा मागच्या महिन्याचा हिशेब पुरता केला नाही.’ ‘मामींना फोन केला नाही, त्या वाट पाहत असतील.’ आपण म्हणतो, मन चंचल आहे, पूजेत नको ते विचार येतात, आणि ती गोष्ट मागे सारून पुन्हा मणी ओढू लागतो. पण एकदा असे समजून पाहा की तो नको तो विचार नसून उत्तर असेल. आपण तासभर देवाला हाका मारतो, आणि तो बोलला की त्यालाच गप्प करतो! जी गोष्ट तीनतीनदा आठवते, जी करायला अवघड नसते पण करावीशी वाटत नाही, आणि जी केल्याने दुसऱ्या कोणाचे काही निघते, ती बहुधा त्याचीच आज्ञा असते.

कोणी म्हणेल, “पुंडलिकानेसुद्धा देवाला थांबवले की!” हो, थांबवले. दारात साक्षात परमेश्वर उभा, आणि पुंडलिकाने मागे वीट भिरकावून त्याला तीवर उभे राहायला सांगितले. ही कथा आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिच्यातला मुद्दा निसटून जातो. पुंडलिक त्या वेळी काय करीत होता? आईबापांचे पाय चेपीत होता. काम केवढे लहान! ‘देव आला आहे, पाय उद्या चेपू’ असे म्हटले असते तर म्हाताऱ्या आईबापांनीही राग मानला नसता. पण त्याने तसे केले नाही. देवाच्या कामासाठी त्याने देवाच्या दर्शनाला थांबवले. आपण उलटे करतो. दर्शनासाठी देवाच्या कामाला थांबवतो. आणि देवाला पुंडलिकाचा राग आला नाही, तो विटेवर अजून उभाच आहे, हे पंढरीला जाणाऱ्या प्रत्येकीने डोळ्यांनी पाहिले आहे.

आता दुसरी गोष्ट. आज्ञा पाळायची ती पुरती. अर्धी पाळून ‘झाले’ म्हणण्याची आपल्याला खोड असते.

पैठणच्या एकनाथमहाराजांची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत ते असताना स्वामींनी त्यांच्याकडे हिशेबाचे काम दिले. एका रात्री हिशेबात एका पैची चूक येत होती. त्या काळची पै आज कोणी पाहिलेली नसेल. पुढे आण्यापैचा हिशेब रूढ झाला, त्यात बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत. १९५७ साली दशमान नाणी आली आणि ती पै गेलीच. अशा एका पैसाठी नाथ रात्रभर दिव्याशी बसले, आणि पहाटेच्या सुमारास चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवून उठले. स्वामींनी पाहिले आणि म्हणाले की एका पैसाठी ज्याला इतकी एकाग्रता साधते, त्याने ती देवाकडे लावली तर देव दूर नाही. कथेतून एकाग्रतेचा बोध घेतात, तो बरोबरच आहे. मला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. नाथांनी ती पै खिशातून घालून हिशेब जुळवला नाही. ‘पैच ना, सकाळी पाहू’ असेही म्हटले नाही. गुरूने सांगितलेले काम लहान असो की मोठे, ते शेवटच्या पैपर्यंत पुरे करायचे एवढेच त्यांना ठाऊक होते.

आणि हेच नाथ पुढे एका दुपारी गोदावरीवरून स्नान करून परत येत असताना तापलेल्या वाळूत रडणारे एक अस्पृश्य मानलेल्या आईचे मूल त्यांना दिसले, अशीही कथा आहे. त्या काळी त्या मुलाला शिवणे म्हणजे स्नान फुकट जाणे, वर लोकांचे बोल. ‘घरी जाऊन कोणाला तरी पाठवतो’ असे म्हणायला सोय होती. शहाणपणाची सोय होती! पण पाठवलेला माणूस येईपर्यंत वाळू गार होणार नव्हती. नाथांनी मूल उचलले, कडेवर घेतले आणि त्याच्या आईकडे पोचवले. ज्याने रात्री एक पै उद्यावर ढकलली नाही, त्याला दुपारी ते मूल उद्यावर ढकलता येणे शक्यच नव्हते. लहान कामांत लागलेली सवय मोठ्या वेळी उपयोगी पडते ती अशी.

आता आपल्या अगदी जवळच्या काळातल्या एका माउलीची आठवण सांगते. आचार्य विनोबा भावे यांच्या मातोश्री रुक्मिणीबाई. फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण विनोबांनी जन्मभर त्यांना गुरूच्या जागी मानले. त्यांनी एकदा देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला. रोज बसून एकेक दाणा मोजून वाहायचा. विनोबांचे वडील शास्त्रीय दृष्टीचे होते. त्यांनी सुचवले की एक तोळा तांदूळ मोजावेत, त्यात किती दाणे भरतात ते पाहावे, त्यावरून लाखाचा हिशेब करावा आणि कमी पडू नयेत म्हणून अर्धा तोळा वर टाकावेत. गणित चोख आहे. आपल्यापैकी पुष्कळजणींना ते पटेलही. एक लक्ष दाणे म्हणजे काही डोंगर नव्हे, दीडदोन किलोच भरतील. रुक्मिणीबाईंना याचे उत्तर सुचले नाही, तेव्हा त्यांनी मुलाला विचारले. त्याने सांगितले की हा हिशेबाचा प्रश्नच नाही, एकेका दाण्याबरोबर देवाची आठवण करायची आहे, ती तोलून कशी होणार? आईचे समाधान झाले.

भगिनींनो, तो वरचा ‘अर्धा तोळा’ मला फार विचार करायला लावतो. आपण देवाशी पुष्कळदा असाच अर्ध्या तोळ्याचा व्यवहार करतो. जे दाणे मोजायचे ते मोजत नाही आणि त्याऐवजी अंदाजाने थोडे जास्त टाकतो. भाजीवालीचे तीस रुपये द्यायचे राहिले, तिने दोनदा आठवण केली, आपण “सुटे नाहीत, उद्या देते” म्हटले, आणि संध्याकाळी देवळाच्या जीर्णोद्धाराला पाचशे एक रुपयांची पावती फाडली. सासूबाईंच्या पायाला तेल चोळायचे राहिले, पण त्यांच्या नावाने अन्नदानाला पैसे दिले. देणगी वाईट नाही, अन्नदान तर मुळीच वाईट नाही. पण ते तीस रुपये त्या पाचशे एकात बसत नाहीत. देवाने पाचशे एक मागितले नव्हते. तीस मागितले होते, आणि तेही भाजीवालीच्या तोंडाने.

याच रुक्मिणीबाईंची आणखी एक गोष्ट. शेजारच्या घरातली बाई घरी नसली की त्या घरचा स्वयंपाक त्या जाऊन करीत. आधी आपल्या घरचा करून मग तिकडे जात. लहानग्या विनूला वाटले, हा तर स्वार्थ झाला, आधी आपले आणि मग परक्याचे. आईने हसून समजावले की त्यांचा स्वयंपाक आधी करून ठेवला तर जेवायच्या वेळी त्यांना गार मिळेल. पाहा, मदत केली यावर त्या थांबल्या नाहीत. अन्न गरम मिळावे इथपर्यंत त्यांचे लक्ष होते. ‘पुरते’ करणे म्हणतात ते हेच.

आपल्या शेजारधर्मातली, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या बायबलातली, एक जुनी कथा या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. अराम देशाचा सेनापती नामान मोठा पराक्रमी होता, पण त्याला कुष्ठरोग होता. त्याच्या बायकोजवळ इस्राएल देशातून पकडून आणलेली एक लहान मुलगी कामाला होती. तिने सांगितले की आमच्या देशात एक संदेष्टा आहे, त्याच्याकडे गेले तर धनी बरे होतील. नामान रथ, घोडे, सोने, रुपे घेऊन गेला. संदेष्टा अलीशा दाराबाहेरही आला नाही. त्याने निरोप पाठवला की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान संतापला. एवढ्या लांब आलो तो नदीत डुंबायला? आमच्या दमास्कसच्या नद्या काय वाईट आहेत? तो परत फिरला, तेव्हा त्याच्या नोकरांनी हात जोडून समजूत घातली की त्याने एखादे अवघड काम सांगितले असते तर आपण केलेच असते, मग हे सोपे काम का करू नये? नामानाने ऐकले, सात बुड्या मारल्या आणि तो बरा झाला.

या कथेत शहाणपण कोणी सांगितले ते ध्यानात घ्या. कामाला असलेल्या मुलीने आणि नोकरांनी. आणि दुसरे म्हणजे, पहिल्या बुडीनंतर काही झाले नाही, तिसरीनंतर नाही, सहावीनंतरही कथेत काही झाल्याचे सांगितलेले नाही. सहाव्या बुडीनंतर नामान काठावर चढला असता तर तो सहा वेळा भिजलेला रोगीच राहिला असता. आपण पुष्कळजणी सहा बुड्या मारून घरी येतो आणि म्हणतो, “केले बाई मी सगळे, पण गुण नाही!” अबोला सोडायला गेलो, पण जाताना ‘चूक तिचीच होती, तरी मी आले’ एवढे ऐकवून आलो. ती सातवी बुडी राहिली.

अबोल्याचा विषय निघाला म्हणून माझ्या माहितीतल्या दोन जावांची हकिकत सांगते. नावगाव सांगत नाही. वाटणीच्या वेळी एका तांब्याच्या घंगाळावरून दोघींचे बिनसले. घंगाळ थोरलीकडे राहिले. अकरा वर्षे दोघी एकाच गावात राहिल्या, लग्नामुंजीत एका पंगतीला बसल्या, पण बोलल्या नाहीत. संक्रांतीला तिळगूळ जायचा तो मुलांच्या हातून. धाकटीचे मन शेवटी विरघळले. तिने ठरवले की आपणच जायचे, पाया पडायचे आणि विषय मिटवायचा. हे ठरवले दिवाळीत. पण असे आडदिवशी कसे जायचे? बोलायला निमित्त हवे. संक्रांतीचा मुहूर्त चांगला, तिळगूळ घेऊन स्वतःच जाऊ, असे तिने योजले. थोरली मार्गशीर्षातच गेली. तेराव्यानंतर थोरलीच्या मुलाने ते घंगाळ घासूनपुसून काकूच्या घरी आणून ठेवले. म्हणाला, “आई दोन वर्षे सांगत होती, काकूकडे पोचव म्हणून. माझेच राहून गेले.” म्हणजे आज्ञा दोन्ही घरी आली होती! एका घरी मुहूर्तासाठी थांबली, दुसऱ्या घरी सवडीसाठी. घंगाळ पोचले, पण ज्यासाठी पोचायचे ती वेळ गेली होती. त्या बाई आजही ते घंगाळ वापरीत नाहीत.

एका घराचे जसे होते तसे समाजाचेही होते. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी जन्मभर विठ्ठलाला आळवले, पण त्यांना देवळात पाऊल टाकता आले नाही. १३३८ साली गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच झाली. सगळी माणसे देवाची लेकरे आहेत हे संत सांगत होते, कीर्तनकार सांगत होते, ऐकणारे माना डोलवीत होते. कोणी ‘नाही’ म्हणत नव्हते. सगळे ‘अजून लोकांची तयारी नाही, पुढे पाहू’ म्हणत होते. शेवटी साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा विठ्ठलाच्या मंदिराचे दार सर्वांना उघडले. चोखोबा गेल्यापासून ६०९ वर्षांनी! सहाशे वर्षांचा हा ‘उद्या’ होता, आणि तो देवाला मानणाऱ्या, नेमाने वारी करणाऱ्या भाविकांनीच म्हटला होता.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना अमलात आली आणि तिच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट झाली. देऊळ उघडले, कायदा झाला. पण भगिनींनो, आता मी जे विचारणार आहे त्याबद्दल राग मानू नका. आपल्या फडताळात खालच्या कप्प्यात, बाजूला ठेवलेला एक कान तुटलेला कप आहे का? आपल्या घरी भांडी घासायला, केर काढायला येणाऱ्या बाईंना चहा देण्यासाठी ठेवलेला? ज्या हातांनी घासलेल्या ताटात आपण जेवतो, त्या हातांसाठी कप वेगळा! विचारले तर आपण म्हणू, “छे, आम्ही तसले काही मानत नाही, सवयीने राहिला आहे इतकेच. बदलायचा आहे.” बदलायचा आहे, म्हणजे उद्या. मी म्हणते, तो कप आज घरी गेल्यावर टाका. त्याला समिती नको, ठराव नको, मुहूर्त नको. आणि उद्या सकाळी त्या बाई आल्या की आपल्या कपांतलाच एक कप पुढे करा आणि त्यांना खाली नव्हे, आपल्याबरोबर बसून चहा घ्यायला सांगा. कप टाकला पण त्यांना दाराशीच उभे ठेवले, तर पुन्हा सहाच बुड्या झाल्या.

आता थोडी सावधगिरीची सूचना. देवाची आज्ञा पाळा म्हटले की आपल्या बायकांचा एक गैरसमज होतो. घरातल्या प्रत्येकाचे प्रत्येक मागणे म्हणजे देवाची आज्ञा असे आपण धरून चालतो, आणि मग दिवसभर राबून अंथरुणावर पडताना वाटते की अजून काहीतरी राहिलेच. असे मुळीच नाही. कोणी अन्याय सहन कर म्हटले, खोटे बोल म्हटले, सुनेला माहेराहून पैसे आणायला सांग म्हटले, तर ती देवाची आज्ञा नव्हे, मग सांगणारे कितीही वडीलधारे असोत. तिथे नम्रपणे पण ठाम ‘नाही’ म्हणणे हीच आज्ञा.

आणि आणखी एक लहान आज्ञा आपण सगळ्याजणी हमखास पुढे ढकलतो, ती स्वतःच्या शरीराची. चष्म्याचा नंबर बदलला आहे, चक्कर येते आहे, छातीत गाठ लागते आहे, अंगावरून अवेळी जाते आहे, पण मुलाची परीक्षा होऊ दे, नणंदेचे बाळंतपण होऊ दे, मग डॉक्टरांकडे जाऊ. यात त्याग आहे असे आपल्याला वाटते. पण हे शरीरही त्याचीच ठेव आहे, आणि ठेव सांभाळायची असते. छातीतली गाठ लवकर दाखवली तर उपचार सोपे होतात आणि पुष्कळजणी पूर्ण बऱ्या होतात. उशीर केला तर तेच दुखणे हाताबाहेर जाते. प्रत्येक गाठ वाईट नसते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे. इतरांसाठी सात बुड्या मारणाऱ्या बाईने स्वतःसाठी एक तरी मारावी.

मग करायचे काय? मी काही अवघड साधना सांगत नाही. तीन साध्या गोष्टी सांगते.

पहिली अशी की पूजेला, नामाला किंवा रात्री अंथरुणावर पडल्यावर जी राहिलेली गोष्ट आठवेल, ती हाकलू नये. होण्यासारखी असेल तर तशीच उठून करून यावी. डबा द्यायचा असेल तर देऊन यावे, फोन करायचा असेल तर करावा. देव थांबेल. त्याला विटेवर उभे राहायची सवय आहे.

दुसरी अशी की तत्काळ होण्यासारखी नसेल तर ‘उद्या’ म्हणू नये, वार आणि वेळ म्हणावी. ‘बघू कधीतरी जाऊ मामींकडे’ यात कोणी जात नाही. ‘गुरुवारी चार वाजता जाते’ असे मामींनाच कळवून टाकावे, म्हणजे आपले मन आपल्याला फसवू शकत नाही. कामाला येणाऱ्या बाईंचा पगार एका ठरलेल्या तारखेला, त्यांनी मागण्याआधी द्यावा. त्यांच्या घरी त्या तारखेवर दूधवाला आणि वाणी अवलंबून असतात.

तिसरी अशी की केले ते पुरते करावे. क्षमा मागितली तर तिला ‘पण’ जोडू नये. पैसे परत केले तर शेवटचा रुपया मोजून द्यावा. कोणाच्या आजारपणात डबा नेला तर तो गरम न्यावा. आणि एक केले नाही म्हणून त्याऐवजी दुसरे मोठे करून तो हिशेब मिटवू नये. अर्धा तोळा वर टाकण्याची सवय सोडावी.

इतक्या लहान गोष्टींनी काय होणार, असे कोणाला वाटेल. मला वाटते, देव मोठी कामे आपल्याला फार क्वचित सांगतो. पंढरीचे दार उघडण्याचे काम शतकांतून एखाद्याच्या वाट्याला येते. परंतु डबा, तेल, तीस रुपये, एक कप, एक गोड शब्द हे प्रत्येकीच्या वाट्याला रोज येते. रुक्मिणीबाईंच्या तांदळाप्रमाणे आपले आयुष्यही एकेका दाण्याने वाहायचे असते. ते तोलून एकदम वाहता येत नाही, आणि न मोजलेला दाणा कोणाच्या तरी ताटात कमी पडलेला असतो.

आपल्या मंडळाच्या पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमात तुम्ही सहली, स्पर्धा आणि भजनसप्ताह योजले आहेत. ते सारे यशस्वी होवोत. त्या यादीत माझी एक विनंती घाला, पण ती इतिवृत्तात नोंदवू नका. आज इथून घरी जाताना प्रत्येकीने मनातली एकच राहिलेली गोष्ट आठवावी आणि चपला काढून घरात पाऊल टाकण्याआधी ती करता येते का पाहावे. कोणाचे दार वाटेवर असेल तर तिथे थांबावे. घरच्यांनी विचारले, “एवढा उशीर का झाला?” तर सांगावे, “मंडळाचे काम होते.” ते खोटे होणार नाही.